होम थिएटरमधील तारयुक्त आणि बिनतारी स्पीकर

होम थिएटर म्हणजे चित्रपटगृहातील चित्राचा व ध्वनीचा अनुभव घरच्या खोलीत मिळावा यासाठी केलेली उपकरणांची मांडणी होय. टीव्ही किंवा प्रोजेक्टर, ध्वनिसंकेत वेगवेगळे करून त्यांना शक्ती देणारा रिसीव्हर आणि श्रोत्याभोवती ठेवलेले ध्वनिक्षेपक हे तिचे मुख्य भाग असतात. या ध्वनिक्षेपकांना बोलण्यात स्पीकर किंवा नुसते ‘बॉक्स’ म्हणतात. स्पीकरपर्यंत ध्वनिसंकेत तांब्याच्या तारेने पोहोचत असेल तर तो तारयुक्त, रेडिओलहरींनी पोहोचत असेल तर बिनतारी. ‘बिनतारी’ हे विशेषण मराठीत तारायंत्राच्या काळापासून रूढ आहे. स्पीकरच्या बाबतीत मात्र ते अर्धेच खरे ठरते, आणि निवडीतील बहुतेक गोंधळ या अर्ध्या सत्यातून होतो.

दोन कामे, एक तार

तारयुक्त स्पीकरच्या मागे दोन खुंट्या असतात, एक तांबडी व एक काळी. रिसीव्हरमधून निघालेली दुहेरी वायर या खुंट्यांना जोडली की काम संपते. ही एकच वायर दोन कामे करते. कोणता ध्वनी काढायचा हे ती सांगते आणि तो काढण्यासाठी लागणारी विद्युतशक्तीही तीच पुरवते. अशा स्पीकरला स्वतःचा प्लग नसतो. त्याच्या पेटीत शक्ती वाढवणारे कोणतेही मंडल नसते, म्हणून त्याला निष्क्रिय स्पीकर म्हणतात.

बिनतारी स्पीकरमध्ये ही दोन कामे वेगळी होतात. संकेत हवेतून येतो, परंतु कोन हलवण्यासाठी लागणारी शक्ती हवेतून येत नाही. त्यामुळे पेटीच्या आत रेडिओलहरी ग्रहण करणारा भाग, अंकीय संकेताचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारा भाग आणि एक लहान अॅम्प्लिफायर बसवावा लागतो. या सगळ्याला २३० व्होल्टच्या सॉकेटमधून वीज द्यावी लागते. बॅटरीवर चालणारे बिनतारी स्पीकर आहेत, पण दर आठवड्याला दोन-तीन चित्रपट पाहणाऱ्या घरात मागचे दोन बॉक्स चार्जिंगला लावत बसणे फार दिवस टिकत नाही.

म्हणून तार हवी की नको, हा प्रश्न मुळात चुकीचा मांडलेला आहे. सोफ्याच्या मागे स्पीकरची बारीक वायर न्यायची की विजेची वायर न्यायची, हा खरा प्रश्न. सोफ्यामागच्या भिंतीवर दोन्ही कोपऱ्यांत सॉकेट असतील तर बिनतारी स्पीकर खरोखरच सोयीचे ठरतात. तसे नसेल तर संकेताची वायर वाचते आणि तिच्या जागी एक्स्टेंशन बोर्ड खोलीभर फिरतो.

मांडणी आणि अंतर

घरगुती वापरात ५.१ ही मांडणी सर्वांत रूढ आहे. तीत समोर डावा, मधला व उजवा असे तीन, श्रोत्याच्या बाजूंना किंचित मागे दोन आणि खालच्या स्वरांसाठी एक सबवूफर असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार समोरचे डावे-उजवे स्पीकर श्रोत्याच्या समोरच्या रेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर असावेत. समोरचे तीन स्पीकर टीव्ही युनिटजवळच असतात, त्यांची वायर हात-दोन हातांत संपते. अडचण असते ती मागच्या दोघांची.

मुंबई-पुण्यातील सदनिकेचा हॉल पुष्कळदा १० बाय १५ फुटांचा, म्हणजे सुमारे ३ बाय साडेचार मीटरचा असतो. अशा हॉलमध्ये टीव्ही युनिटपासून स्कर्टिंगच्या कडेने, दाराची चौकट चुकवत, सोफ्याच्या मागे उंचीवर लावलेल्या स्पीकरपर्यंत वायर न्यायची झाल्यास एका बाजूला ८ ते १० मीटर लागतात. हवेतले सरळ अंतर मात्र तीन-चार मीटरच असते. एवढ्या अंतरासाठी रेडिओलहरींना काहीच कष्ट पडत नाहीत. मधे भिंत आली, किंवा श्रोत्यांनी खोली भरली, की चित्र पालटते. माणसाच्या शरीरातील पाणी आणि काँक्रीटची भिंत ही दोन्ही रेडिओलहरी शोषतात, आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींपेक्षा भिंतीत अधिक क्षीण होतात.

तारेचे गणित

तारेमुळे ध्वनीचा दर्जा घटतो अशी भीती काहींना वाटते, तर महागड्या तारेमुळे तो वाढतो असे काही विक्रेते सांगतात. दोन्ही दाव्यांची परीक्षा शालेय भौतिकशास्त्राने करता येते. तारेचा रोध तिच्या लांबीच्या सम प्रमाणात आणि छेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. तांब्याची रोधकता १.६८ × १०⁻⁸ ओहम-मीटर आहे. वायर १० मीटर लांब असली तरी विद्युतप्रवाह जाऊन परत येतो, म्हणून लांबी २० मीटर धरावी. १.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या, इलेक्ट्रिशियन ज्याला ‘दीडची’ म्हणतात त्या वायरचा रोध ०.२२ ओहम येतो. ८ ओहमच्या स्पीकरला ही वायर लावल्यास मंडलातील शक्तीपैकी ३ टक्क्यांहूनही कमी शक्ती वायरमध्ये खर्च होते आणि आवाज पाव डेसिबलने उतरतो. हा फरक कानाला कळत नाही.

स्वस्त संचांबरोबर येणारी बारीक वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची असली, तर त्याच अंतराला रोध ०.६७ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरला हेही खपून जाते, पण ४ ओहमच्या स्पीकरला लावल्यास सातवा हिस्सा शक्ती वायरमध्येच वाया जाते. वायरचा रोध स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांच्या आत असावा हा व्यवहारातला नियम पुरेसा आहे. ८ ओहमच्या स्पीकरला १० मीटरपर्यंत दीडची वायर या नियमात बसते, ४ ओहमच्या स्पीकरला त्याच अंतरासाठी अडीचची घ्यावी लागते. यापलीकडे सोन्याचा मुलामा, विशेष वीण, दिशादर्शक बाण अशा गोष्टींवर पैसे घालवण्याचे कारण नाही.

खरेदी करताना जपावे लागते ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तांब्यासारखी दिसणारी बरीच स्वस्त वायर आतून अॅल्युमिनियमची असते आणि तिच्यावर तांब्याचा पातळ थर दिलेला असतो. तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या वायरच्या सुमारे दीडपट असतो. शिवाय ती वाकवली की लवकर तुटते. एक तंतू ब्लेडने खरवडून पाहिला आणि आत रुपेरी रंग दिसला, तर ती वायर शुद्ध तांब्याची नाही. दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीत, उघड्या टोकांवर हिरवट थर चढतो आणि जोड सैल पडतो. टोके वर्षातून एकदा कापून पुन्हा सोलून घेतली किंवा बनाना पिन लावल्या तर हा त्रास टळतो.

तारयुक्त मांडणीतील सर्वांत सामान्य चूक म्हणजे खुंट्यांची अदलाबदल. एका स्पीकरला तांबडी-काळी बरोबर आणि दुसऱ्याला उलट जोडली गेली, तर एकाचा कोन पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो. दोघांचे खालचे स्वर एकमेकांना मारतात आणि संवाद नेमका कुठून येतो ते कळेनासे होते. वायरच्या एका बाजूला रेघ किंवा वेगळा रंग असतो तो याचसाठी. शंका आल्यास वायरची टोके रिसीव्हरपासून सोडवून त्यांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. सेलचे धन टोक तांबड्या खुंटीकडे असताना मोठा कोन बाहेर सरकला, तर जोडणी योग्य आहे.

बिनतारी जोडणीचे प्रकार

दुकानात ‘वायरलेस’ या एकाच शब्दाखाली निरनिराळी तंत्रे विकली जातात आणि त्यांच्यात मोठा फरक आहे.

ब्लूटूथ हे त्यांपैकी सर्वाधिक परिचित. ते २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालते आणि अडथळा टाळण्यासाठी सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलते. याच पट्ट्यात घरातील वाय-फाय, शेजाऱ्यांचे वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही असतो. ब्लूटूथवरून संगीत पाठवण्याची नेहमीची पद्धत फक्त दोन वाहिन्यांची, म्हणजे स्टिरिओ आहे. आकडे पाहिले तर कारण स्पष्ट होते. ५.१ चा ध्वनी कोणताही संकोच न करता, ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट या मानाने पाठवायचा झाल्यास सेकंदाला ६.९ मेगाबिट लागतात. नेहमीच्या ब्लूटूथचा कमाल वेगच ३ मेगाबिट आहे आणि प्रत्यक्षात ध्वनीसाठी त्यातला थोडाच भाग वापरला जातो. मोबाइलवरून गाणी ऐकण्यासाठी ब्लूटूथ उत्तम आहे, होम थिएटरचा कणा म्हणून ते अपुरे पडते.

दुसरा प्रकार घरातील वाय-फाय जाळ्यावर चालणाऱ्या स्पीकरांचा. तिसऱ्या प्रकारात उत्पादक स्वतःचा वेगळा रेडिओदुवा वापरतो. साउंडबारबरोबर येणारे सबवूफर व मागचे स्पीकर बहुधा या प्रकारचे असतात. ते विकत घेतल्याबरोबर आपोआप जुळतात, पण त्याच उत्पादकाच्या, कित्येकदा त्याच मॉडेलच्या साउंडबारशीच जुळतात. निरनिराळ्या उत्पादकांचे स्पीकर एकत्र चालावेत म्हणून ‘विसा’ नावाचे मानक पुढे आले. त्यात ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात आठ वाहिन्यांपर्यंतचा २४ बिट ध्वनी संकोच न करता जातो. हे मानक पाळणारे संच तांत्रिकदृष्ट्या तारेच्या बरोबरीला येतात, मात्र ते महाग आहेत आणि निवड मर्यादित आहे.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. बिनतारी दुव्यात ध्वनीचा संकोच होतो म्हणून त्याला नावे ठेवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही की मूळ ध्वनीच बहुधा संकुचित असतो. डीव्हीडीवरील डॉल्बी डिजिटल ध्वनी जास्तीत जास्त ४४८ किलोबिटचा असतो आणि ओटीटी मंचांवरून येणारा ध्वनीही संकुचितच असतो. ब्लू-रे तबकडीवरून असंकुचित ध्वनी ऐकणाऱ्याला या मुद्द्याचे महत्त्व आहे. रोजच्या मालिका व चित्रपट पाहणाऱ्या कुटुंबाला पुढचा मुद्दा अधिक जाचतो.

ओठ आणि आवाज

तारेतून जाणारा संकेत व्यवहारात तत्क्षणी पोहोचतो. बिनतारी दुव्यात ध्वनीचे तुकडे करणे, ते पाठवणे, हरवलेले तुकडे पुन्हा मागवणे आणि जुळवणे यात वेळ जातो. या विलंबाला लेटन्सी म्हणतात. ब्लूटूथमध्ये तो साधारणपणे १०० ते ३०० मिलिसेकंद असतो, खास रेडिओदुव्यांमध्ये पुष्कळच कमी.

पडद्यावर ओठ हलल्यानंतर शब्द किती उशिरा आला तर प्रेक्षकाला खटकते, याविषयी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मर्यादा सांगितल्या आहेत. आवाज चित्राच्या १२५ मिलिसेकंद मागे पडला किंवा ४५ मिलिसेकंद पुढे गेला की तो फरक जाणवू लागतो. मागे पडलेला आवाज आपण अधिक सहन करतो याचे कारण निसर्गातच आहे. दूर धुणे आपटणाऱ्याचा हात आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, उलट कधीच होत नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असल्याने तीन-चार मीटरवरच्या स्पीकरचा आवाजही १० मिलिसेकंद उशिराच येतो.

सर्वच स्पीकरना सारखा विलंब होत असेल, तर काही टीव्हींमधील सेटिंग वापरून चित्र तेवढेच मागे घेता येते. चित्रपटासाठी हा उपाय चालतो. व्हिडिओ गेम खेळणाऱ्याला तो निरुपयोगी आहे, कारण तेथे बटण दाबण्याची क्रिया मागे घेता येत नाही. समोरचे स्पीकर तारेवर आणि मागचे ब्लूटूथवर असतील तर अडचण खरी वाढते. १५० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे ध्वनीच्या भाषेत ५० मीटरहून अधिक अंतर. सोफ्यामागचा बॉक्स जणू शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर ठेवल्यासारखा ऐकू येतो. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर नोंदवून विलंब जुळवण्याची सोय असते, पण तो आकडा सहसा ५० मीटरपर्यंत जात नाही. हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवून दिले की दोन सारखे ध्वनी सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत कानी पडले तर मेंदू त्यांना एकच समजतो आणि आधी आलेल्या ध्वनीची दिशा खरी मानतो. अंतर याहून बरेच वाढले की प्रतिध्वनी ऐकू येतो. तारयुक्त संचाला बाजारातला ब्लूटूथ ग्राहक जोडून मागचे स्पीकर ‘वायरलेस’ करण्याचे प्रयोग फसतात ते यामुळे.

घर, वीज आणि भाड्याची जागा

घर बांधताना किंवा नूतनीकरण करताना भिंतीत पाइप टाकून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. प्लास्टर होण्यापूर्वी टीव्ही युनिटपासून सोफ्यामागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत रिकामा पाइप आणि त्यात ओढण्यासाठी एक दोरी ठेवली, की पुढे कोणतेही तंत्र आले तरी वायर बदलता येते. स्पीकरची वायर मात्र २३० व्होल्टच्या वायरबरोबर एकाच पाइपमधून नेऊ नये. असे करणे धोक्याचे आहे, शिवाय स्पीकरमध्ये गुणगुण येऊ शकते. तयार घरात भिंत फोडायची नसेल तर स्कर्टिंगच्या वर केसिंग पट्टी मारणे हा मधला मार्ग. पट्टी दिसते, पण उंदरांपासून आणि केरसुणीपासून वायर वाचते.

भाड्याच्या घरात हिशेब बदलतो. मालक भिंतीला हात लावू देत नाही, ११ महिन्यांच्या कराराने बिऱ्हाड हलते आणि दर वेळी वायर उकलून पुन्हा घालावी लागते. अशा कुटुंबाला बिनतारी संच सोयीचा वाटणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र नव्या घरात सोफ्यामागे सॉकेट आहे की नाही हे घर घेतानाच पाहावे.

ग्रामीण व निमशहरी भागात आणखी एक मुद्दा येतो, तो वीजपुरवठ्याचा. वीज गेली की इन्व्हर्टरवर साधारणपणे पंखे, दिवे आणि टीव्हीचा सॉकेट चालतो. तारयुक्त संचात रिसीव्हरला या एका सॉकेटवर ठेवले की पाचही स्पीकर चालू राहतात, कारण त्यांना वेगळी वीज लागत नाही. सबवूफरला स्वतःची वीज लागत असल्याने तो तेवढा त्याच सॉकेटवर घ्यावा लागतो. बिनतारी संचातील मागच्या स्पीकरांचे सॉकेट इन्व्हर्टरवर नसतील, तर ऐन चित्रपटात मागचा आवाज बंद पडतो. बिनतारी स्पीकर बंद असल्यासारखे दिसत असतानाही संकेताची वाट पाहत जागे असतात. समजा प्रत्येकी ३ वॅट लागत असतील, तर दोन स्पीकर वर्षभरात सुमारे ५२ युनिट वीज खातात.

आयुष्य आणि दुरुस्ती

आज वापरात असलेला स्पीकर तत्त्वतः चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडलेल्या रचनेचाच आहे. चुंबकाच्या क्षेत्रात टांगलेली तारेची गुंडाळी आणि तिला जोडलेला कोन एवढेच त्याचे हृदय. त्यामुळे तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा निष्क्रिय स्पीकर आजच्या रिसीव्हरला जोडला तरी वाजतो. त्याच्यात बिघडण्यासारखे थोडेच असते. कोनाभोवतीची फोमची कड दमट हवेत काही वर्षांनी कुजते, गुंडाळी जळते किंवा खुंटी सैल होते. कड व कोन बदलून देणारे कारागीर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या परिसरात, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास आणि बहुतेक जिल्ह्याच्या ठिकाणी सापडतात.

बिनतारी स्पीकरचा कोन तेवढाच टिकाऊ असू शकतो, पण त्याचे आयुष्य कोनावर अवलंबून नसते. आतील मंडल जळले तर तेच मंडल उत्पादकाकडून मिळावे लागते. सॉफ्टवेअर जुने झाले तर धडधाकट पेटीही निकामी होऊ शकते. वाय-फाय स्पीकरच्या क्षेत्रातील अग्रणी सोनोस या अमेरिकी कंपनीने जानेवारी २०२० मध्ये आपल्या काही जुन्या उपकरणांना त्या वर्षीच्या मे महिन्यापासून नवे सॉफ्टवेअर मिळणार नाही असे जाहीर केले. ग्राहकांत मोठी नाराजी उसळली. ही उपकरणे चालू राहतील आणि त्यांना शक्य तितके दिवस दोषदुरुस्ती मिळत राहील, असा खुलासा कंपनीला करावा लागला. पुढे जुन्या व नव्या उपकरणांसाठी दोन वेगळ्या प्रणाली ठेवण्यात आल्या. तांब्याच्या वायरच्या बाबतीत असा प्रसंग उद्भवत नाही. मर्यादित उत्पन्नात एकदाच खरेदी करून पंधरा-वीस वर्षे वापरू पाहणाऱ्या घरासाठी हा मुद्दा ध्वनीच्या दर्जाहूनही वजनदार आहे.

मिश्र मांडणी

सर्व स्पीकर एकाच पद्धतीचे असावेत असे बंधन नाही. बिनतारी करण्याला सर्वांत योग्य आहे तो सबवूफर. त्याच्यात अॅम्प्लिफायर आधीपासूनच असतो, त्यामुळे त्याला विजेचा प्लग कसाही लागतोच. सुमारे ८० हर्ट्‌झच्या खालचे स्वर कोणत्या दिशेने येतात हे कानाला नीट कळत नाही, म्हणून तो खोलीत जेथे स्वर चांगला भरतो तेथे ठेवता येतो, आणि ती जागा अनेकदा टीव्हीपासून दूरच्या कोपऱ्यात सापडते. समोरचे तीन स्पीकर तारेवर ठेवण्यात काहीच अडचण नसते. संवादाचा सगळा भार मधल्या स्पीकरवर असल्याने तेथे विलंब किंवा खंड परवडतही नाही.

मागच्या दोन स्पीकरांसाठी काही उत्पादक एक वेगळा ग्राहक-डबा देतात. तो सोफ्यामागे एका सॉकेटला लावायचा आणि त्यातून दोन साध्या वायरी डाव्या-उजव्या निष्क्रिय स्पीकरना न्यायच्या. यात खोली ओलांडणारी वायर वाचते, दोनऐवजी एकच सॉकेट पुरतो आणि डबा बिघडला तरी स्पीकर तारेवर वापरता येतात. असा संच घेताना डबा वेगळा सुटा विकत मिळतो का, आणि मागच्या स्पीकरच्या खुंट्या नेहमीच्या आहेत की त्याच उत्पादकाच्या विशिष्ट पिनेच्या, हे पेटी उघडून पाहावे. विशिष्ट पिनेचे स्पीकर पुढे दुसऱ्या कोणत्याही रिसीव्हरला जोडायचे झाल्यास पिन कापून टोके सोलावी लागतात, आणि त्यानंतर हमी राहत नाही.